अटल पेन्शन योजना: शेतीच्या पैशातून सहामाही हप्ता कसा बसवायचा

अटल पेन्शनचा हप्ता दर महिन्यालाच कापला जातो, असं समजून कितीतरी जण फॉर्म भरायचं टाळतात. आपल्याकडे हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, नाहीतर कापूस विकल्यावर. बाकी महिने खातं कोरडंच. पण अर्जात मासिक, तिमाही आणि सहामाही असे तीन पर्याय असतात. कोरडवाहू शेतकऱ्याने किंवा शेतमजुराने सहामाहीवर खूण करावी आणि बँकेतल्या माणसाला तसं तोंडीही सांगावं.

वय 18 ते 40 आणि बँकेत किंवा पोस्टात बचत खातं, एवढी पात्रता पुरते. 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्यांना नवीन खातं उघडता येत नाही. शेती नावावर असण्याची अट नाही, आणि माझ्या मते विदर्भातल्या पोरांसाठी हीच मोठी सोय आहे. कारण सातबारा बहुतेक घरी अजून बाबांच्याच नावावर असतो. शेतकऱ्यांसाठीच्या पीएम किसान मानधन योजनेत सरकार तुमच्याएवढाच हप्ता भरतं आणि साठीनंतर 3000 रुपये महिना मिळतो. पण तिथे 2 हेक्टरपर्यंतच जमीन आणि 1 ऑगस्ट 2019 च्या नोंदीत तुमचं नाव लागतं. ते जमत असेल तर आधी सेतू केंद्रात त्याची चौकशी करा.

अटल पेन्शनमध्ये 60 नंतर महिन्याला 1000 ते 5000 रुपये मिळतात. किती हवेत ते आपण ठरवायचं. 5000 च्या पेन्शनसाठी 18 व्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला 210 रुपये लागतात, म्हणजे सहामाही 1239. पंचविशीत हाच मासिक हप्ता 376, तिशीत 577, पस्तिशीत 902. अठराव्या वर्षापासून साठीपर्यंत एकूण लाखभर रुपये भरून जी पेन्शन मिळते, तिच्यासाठी पस्तिशीत आलेला माणूस पावणेतीन लाखांच्या जवळपास भरतो. बारावी झालेल्या पोराचं खातं उघडायला त्याच्या लग्नाची वाट पाहू नका.

बँकेत जाताना बचत खात्याचं पासबुक, आधार कार्ड, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि वारसाची माहिती न्या. लग्न झालेलं असेल तर वारस म्हणून नवरा किंवा बायकोचंच नाव लागतं. पीककर्जाचं खातं चालत नाही. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि पासबुकावर 'ज्ञानेश्वरराव' असेल तर आधी नाव दुरुस्त करा. अर्ज अडतो तो बहुधा इथेच. हप्ता आपोआप कापायच्या संमतीवर सही केली की प्राण क्रमांक, म्हणजे तुमच्या पेन्शन खात्याचा कायमचा नंबर, मिळतो. तो पासबुकावर लिहून ठेवा.

सहामाहीचे पुढचे हप्ते कोणत्या महिन्यांत कापले जातील, हे सही करण्याआधी विचारा. डिसेंबरला जोडून जून आला तर बियाणं-खताच्या ऐन घाईत खात्यातून पैसे जातील. अशा वेळी कापसाच्या चुकाऱ्यातूनच दुसऱ्या हप्त्याची रक्कम खात्यात बाजूला ठेवलेली बरी. खात्यात शिल्लक नसेल तर थकलेल्या दर शंभर रुपयांमागे महिन्याला 1 रुपया दंड लागतो. दंड लहान वाटतो, पण तो थकबाकीबरोबर पुढच्या हप्त्यात कापला जातो आणि तेव्हा हिशोब चुकतो.

पेन्शनची रक्कम वर्षातून एकदा वाढवता किंवा कमी करता येते. म्हणून सुरुवातीला झेपेल तेवढीच निवडा. वाढवताना मात्र मागचा फरक भरावा लागतो. साठीआधी स्वतःहून बाहेर पडलात तर भरलेले पैसे आणि त्यावर प्रत्यक्ष मिळालेलं व्याज खर्च वजा करून परत मिळतं, पेन्शन नाही. पोरीच्या लग्नाला किंवा बोअर मारायला लागणारा पैसा इथे टाकू नका.

खातेदार साठीआधी गेला तर बायकोला किंवा नवऱ्याला तेच खातं पुढे चालवता येतं. साठीनंतर गेला तर तेवढीच पेन्शन जोडीदाराला मिळत राहते, आणि दोघांच्या मागे जमा रक्कम वारसाला मिळते; 5000 च्या पेन्शनला ती साडेआठ लाख धरलेली आहे. पासबुक कुठे ठेवलंय आणि प्राण क्रमांक काय आहे, हे घरात आणखी एकाला तरी सांगून ठेवा.