सामाजिक समूह

सामाजिक समूह : परस्परांशी टिकून राहणारा व्यवहार, काही समान नियम आणि ‘आपण एक आहोत’ ही जाणीव असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींचा संच. समाजशास्त्र शिकताना ही संज्ञा अगदी आरंभी भेटते आणि बहुधा व्याख्या पाठ करून मागे टाकली जाते. बेळगाव सीमाभागात मात्र ती रोजच्या जगण्यात तपासता येते.

बसस्थानकावर खानापूरच्या गाडीची वाट पाहणारे लोक हा केवळ जमाव होय. जनगणनेत मातृभाषा मराठी नोंदवणारे सगळे मिळून एक प्रवर्ग होतो. त्यांतले बहुतेक एकमेकांना कधी भेटणारही नाहीत. प्रवर्गाचा समूह होण्यासाठी संपर्क आणि समान हिताची जाणीव लागते. निपाणी परिसरात तंबाखू पिकवणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या होतेच. पण १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी ते महामार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांचा समूह झाला.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०९ मध्ये कुटुंब, खेळगडी, शेजार अशा जिव्हाळ्याच्या गटांना ‘प्राथमिक समूह’ म्हटले. भातलावणीचा पैरा याच जातीचा : आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या; हिशेब वहीत नसतो, पण चुकवलेला कोणी विसरत नाही. याउलट पतसंस्था, कामगार संघटना हे दुय्यम समूह. तिथे माणसापेक्षा त्याचे काम किंवा पद महत्त्वाचे. गल्लीतले गणेशोत्सव मंडळ मात्र कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही. पोरे लहानपणापासूनची सवंगडी, तरी वर्गणीची पावती फाडावी लागते, अध्यक्ष निवडावा लागतो, पोलिसांची परवानगी काढावी लागते. त्यामुळे प्राथमिक आणि दुय्यम ही दोन टोके मानून अभ्यास करणे अधिक योग्य.

सीमाभागासाठी सर्वांत मोलाची संज्ञांची जोडी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम सम्नर यांची (१९०६) : अंतःसमूह आणि बाह्यसमूह, म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘ते’. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेले. तेव्हापासून १ नोव्हेंबरला एकाच शहरात कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सवही होतो आणि सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिनही पाळला जातो. बाह्यसमूह समोर उभा राहिला की अंतःसमूहातली एकी घट्ट होते, हे सम्नर यांचे निरीक्षण त्या दिवशी डोळ्यांनी दिसते. पण ही सीमा प्रत्येक प्रसंगी भाषेवरच आखली जात नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेला मराठी आणि कन्नड भाविक एकाच गर्दीत चालतात. चिकोडी-निपाणीकडच्या जैन आणि लिंगायत घरांत सोयरिक जुळवताना भाषेआधी जात-धर्म पाहिला जातो, आणि मराठी घरातली मुलगी कन्नड घरात सून म्हणून जाते. मराठी बोलणाऱ्यांमध्येही लग्नाच्या वेळी जातीची कुंपणे तितकीच उंच असतात. भाषिक एकजुटीवर बोलताना हे झाकून ठेवणे अभ्यासाला धरून नाही. एकच व्यक्ती एकाच वेळी अनेक समूहांत असते. प्रसंग ठरवतो की त्यांतला कोणता पुढे येईल.

ज्या समूहाच्या मापाने माणूस स्वतःला जोखतो त्याला संदर्भ समूह म्हणतात. ही संज्ञा हर्बर्ट हायमन यांनी १९४२ मध्ये वापरली आणि रॉबर्ट मर्टन यांनी तिचा विस्तार केला. त्या समूहाचे सदस्य असणे आवश्यक नसते. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला एक मुलगा कोल्हापूर-पुण्यात शिकणाऱ्यांकडे पाहतो, त्याच बाकावरचा दुसरा बेंगळूरला नोकरीला लागलेल्यांकडे; आणि दुसरा घरात कन्नड नसतानाही ती भाषा मन लावून शिकतो.