खुब्याचे संपूर्ण सांधेरोपण

खुब्याच्या सांध्याचे झिजलेले दोन्ही पृष्ठभाग काढून त्यांच्या जागी कृत्रिम गोळा आणि कृत्रिम वाटी बसवण्याच्या शस्त्रक्रियेला खुब्याचे संपूर्ण सांधेरोपण म्हणतात. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोबणीत फिरते आणि दोहोंवरील गुळगुळीत कूर्चा व त्यांमधील वंगणद्रव यांमुळे घर्षण अत्यल्प राहते. संधिवात, डोक्याचा रक्तपुरवठा तुटणे किंवा अस्थिभंग यांमुळे ही रचना बिघडली की प्रत्येक पाऊल वेदनेचे होते, कारण साध्या चालण्यातही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो.

कृत्रिम खुब्याचे प्रयत्न जुने आहेत. थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये हस्तिदंताचे सांधे बसवले. फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये लंडनला पोलादी गोळा आणि पोलादी वाटी वापरली, तर १९४६ पासून फ्रान्समधील ज्युडे बंधू ॲक्रिलिकचे डोके बसवू लागले. यांपैकी काहीही फार काळ टिकले नाही.

आजच्या शस्त्रक्रियेचा पाया जॉन चार्नली (१९११–१९८२) यांनी इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातल्या राइटिंग्टन रुग्णालयात घातला. ज्युडे पद्धतीचा खुबा बसवलेल्या एका रुग्णाचा सांधा हालचाल करताना करकरत असे. त्यावरून चार्नली घर्षणाच्या प्रश्नाकडे वळले. कृत्रिम सांध्याला नैसर्गिक वंगणाचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून घटकद्रव्यच कमी घर्षणाचे हवे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा धातूचा दांडा, त्यावर सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा लहान गोळा, प्लास्टिकची जाड वाटी, आणि हे सारे हाडात पक्के धरून ठेवणारे ॲक्रिलिक बोन सिमेंट, अशी त्यांची रचना होती. गोळा जितका लहान, तितका घर्षणाचा पीळ कमी आणि वाटी सैल होण्याचा धोकाही कमी. मात्र लहान गोळा खोबणीतून निसटण्याची शक्यता अधिक असते, ही या निवडीची किंमत होती.

वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरले. सुरुवातीचे निकाल उत्तम होते, पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या, झिजेच्या कणांभोवती दाहक ऊती वाढल्या आणि शेकडो रुग्णांच्या शस्त्रक्रिया वाया गेल्या. चार्नलींनी या पराभवाकडे पाठ फिरवली नाही. टेफ्लॉनचे आणि पॉलिएथिलीन या दुसऱ्या प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्यांनी ऊतींची प्रतिक्रिया तपासली आणि ती प्रसिद्धही केली. दरम्यान त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी कापड-यंत्रांच्या भागांसाठी वापरले जाणारे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवले; ते टेफ्लॉनच्या तुलनेत जेमतेम झिजत होते. नोव्हेंबर १९६२ पासून त्याच्या वाट्या रुग्णांना बसू लागल्या. शल्यचिकित्सक आणि तंत्रज्ञ एकाच छताखाली काम करत होते म्हणूनच हा बदल इतक्या लवकर शक्य झाला. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारण्याची कल्पनाही चार्नलींनी तिथेच प्रत्यक्षात आणली.

पॉलिएथिलीनही झिजतेच. त्याचे सूक्ष्म कण भक्षक पेशी गिळतात, त्या पेशींच्या स्रावांमुळे भोवतालचे हाड विरघळू लागते आणि रोपण सैल होते. बराच काळ याचा दोष सिमेंटला दिला गेला. किरणोत्साराने रेणुसाखळ्या एकमेकींना जोडून अधिक टणक केलेले पॉलिएथिलीन १९९० च्या दशकाअखेर आले आणि झीज मोठ्या प्रमाणात घटली. रोपणाची हालचाल मोजण्याचे तंत्र स्वीडनमधील लुंड येथे योरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात विकसित केले. हाडात टँटलम या धातूचे बारीक मणी बसवून दोन क्ष-किरण प्रतिमा एकाच वेळी घेतल्या की मिलिमीटरच्या अंशाइतके सरकणेही कळते. पहिल्या दोन वर्षांतील अशा सरकण्यावरून पुढे सैल होणाऱ्या रोपणांचा अंदाज बांधता येतो.

स्वीडनने खुब्याच्या रोपणांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली. कोणते रोपण किती वर्षांनी बदलावे लागले हे अशा नोंदवह्यांमुळे उघड होते. या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे संशोधनसाधन हेच आहे, असे म्हणायला हरकत नाही, कारण प्रयोगशाळेत चोख उतरलेली रचना माणसाच्या शरीरात फसू शकते. डी-प्यूय कंपनीचे एएसआर हे धातूवर धातू फिरणारे रोपण त्याचे ठळक उदाहरण होय. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत त्याचे अपयश आधीच दिसू लागले होते. जगभरात सुमारे ९३ हजार रोपणे विकली गेल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये ते परत बोलावले गेले. कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण व आयन ऊतींत व रक्तात उतरत होते. भारतात हे रोपण वापरून सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यांतील अनेक रुग्णांचा माग काढणे नंतर कठीण गेले.

रोपण टिकले म्हणजे रुग्ण सुखी झाला, असे नव्हे. म्हणून १९९६ मध्ये ऑक्सफर्ड येथे १२ प्रश्नांची गुणपत्रिका तयार झाली, जी रुग्ण स्वतः भरतो. तिच्यात मोजे घालणे, मोटारीत चढणे, जिने चढणे यांविषयी विचारले जाते. उकिडवे बसणे किंवा मांडी घालून जेवायला बसणे यांविषयी नाही. भारतीय रुग्णासाठी या हालचाली महत्त्वाच्या असतात आणि शस्त्रक्रियेनंतर नेमक्या त्याच अनेकदा वर्ज्य सांगितल्या जातात. शिवाय पाश्चात्त्य देशांत ही शस्त्रक्रिया मुख्यतः वृद्धांच्या झिजेच्या संधिवातासाठी होते, तर भारतात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे येणारे तरुण रुग्णही पुष्कळ असतात. त्यांचे रोपण कित्येक दशके टिकावे लागते. त्यामुळे परदेशी नोंदवह्यांचे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भारतातील नोंदणी मात्र अजून बहुतांशी शल्यचिकित्सकांच्या स्वेच्छेवर अवलंबून आहे.