तलंगेचा तुरा

"कोंबडा तर नाही, मग या अंडी कशी देणार?" शेजारच्या मुलाने माझ्या चार बँटम तलंगांकडे, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांकडे, बघत विचारलं. हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात, त्यामुळे उत्तर तयार होतं: कोंबडा पिल्लासाठी लागतो, अंड्यासाठी नाही. अंडाशयातून बलक सुटला की त्यावर पांढरा भाग आणि कवच चढून अंडं बाहेर येतं. वाटेत शुक्राणू भेटला का, याची चौकशी कुणी करत नाही. पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. "मग कधी देणार?" मी म्हटलं, तारीख विचारू नकोस, तुरा बघ.

बँटम ही एकच जात नव्हे. ठेंगण्या चणीच्या, साधारण किलोभर किंवा त्याहून कमी वजनाच्या अनेक जातींना मिळून हे नाव आहे आणि ते जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून पडलं. पिल्लांची लव पाच-सहा आठवड्यांत जाऊन पिसं येतात. मग कित्येक आठवडे काहीच घडत नाही असं वाटतं. खातात, माती उकरतात, आपसात कोण वरचढ ते चोची मारून ठरवतात. पाच ते सात महिन्यांच्या दरम्यान कधीतरी मात्र दोन-तीन आठवड्यांत चेहराच बदलतो. फिकट गुलाबी, पातळ तुरा लालभडक आणि गुबगुबीत होतो. पाठीवर हात ठेवला की तलंग पंख किंचित पसरून खाली बसते. पहिलं अंडं मग फार लांब नसतं.

हा लाल रंग नुसती सजावट नव्हे. तुरा म्हणजे शरीरातलं संप्रेरक बाहेरून वाचायचा काटा आहे. शरीरशास्त्रज्ञ आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी 1849 मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनला कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढली, तेव्हा त्यांचे तुरे खुजे राहिले. काहींच्या पोटात मात्र त्यांनी वृषण पुन्हा बसवलं. ते कोंबडे आरवले, भांडले आणि त्यांचे तुरेही नीट वाढले. त्या वृषणाच्या नसा तर तुटलेल्या होत्या, म्हणजे निरोप रक्तातून गेला असणार. संप्रेरकशास्त्राची सुरुवात बरेच जण या प्रयोगापासून मानतात. पुढे 1931 मध्ये रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी पोलिसांच्या हजारो लिटर लघवीतून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे नर संप्रेरक वेगळं काढलं. कुठल्या अर्कात ते उतरलंय हे ओळखायला त्या काळी खच्ची कोंबड्याचा तुरा वाढतो का, हीच कसोटी होती.

पण हे सगळं नराचं झालं. तलंगेत टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक कुठून आलं? तिच्याच अंडाशयातून. वाढत्या बलकाभोवतीच्या भिंतीत पेशींचे थर काम वाटून घेतात. आतला थर प्रोजेस्टेरॉन करतो, मधला टेस्टोस्टेरॉन, आणि बाहेरचा त्याच टेस्टोस्टेरॉनचं अरोमॅटेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) इस्ट्रोजेन हे मादी संप्रेरक करतो. सगळंच रूपांतरित होत नाही. उरलेलं रक्तातून तुऱ्यापर्यंत पोचतं. तिथे वरच्या थरातल्या केशवाहिन्या भरतात, म्हणून रंग. मधल्या थरात हायालुरोनिक आम्ल साठतं. हा रेणू पाणी धरून ठेवतो, म्हणून गुबगुबीतपणा. गुडघ्यात टोचायचं हायालुरोनिक आम्ल कोंबड्यांच्या तुऱ्यांपासूनही काढलं जातं.

पिसांचा हिशेब मात्र उलटा आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. मानेवरची लांब, टोकदार, झळझळीत पिसं हा नराचा खास दागिना वाटतो. प्रत्यक्षात तो मूळ नमुना आहे. इस्ट्रोजेन मिळालं तरच पिसं गोल टोकाची आणि साधी होतात. पुरावा एका बँटमनेच दिला. सेब्राइट जातीच्या कोंबड्याची पिसं कोंबडीसारखी असतात. फळमाशीवरच्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांमुळे गाजलेल्या थॉमस हंट मॉर्गन यांनी सेब्राइट कोंबड्यांची वृषणं काढली, आणि पुढची पिसं चक्क कोंबड्याची आली! नर संप्रेरक काढल्यावर नर दिसू लागला. उलगडा बराच नंतर झाला: या जातीच्या त्वचेतच अरोमॅटेज तयार होतं आणि ते टेस्टोस्टेरॉनचं जागच्या जागी इस्ट्रोजेन करतं. वृषण गेलं की कच्चा मालच संपतो.

यातूनच आरवणाऱ्या कोंबडीचाही खुलासा होतो. कोंबडीचं बहुधा डावंच अंडाशय काम करतं. आजाराने ते निकामी झालं तर उजवीकडचा निद्रिस्त अवयव वाढून नर संप्रेरकं बनवू शकतो. तुरा मोठा होतो, पिसं बदलतात, कोंबडी आरवते. तिला अपशकुनी ठरवून तिची मान मुरगळण्याआधी आजारी अंडाशय आठवावं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये 1474 साली तर अंडं घातल्याच्या आरोपावरून एका 'कोंबड्या'वर खटला भरून त्याला जाळलं होतं. आजची आवृत्ती म्हणजे 'तुरा लाल करणारी' टॉनिकं. काटा रंगवून टाकी भरत नाही.

अंडाशयाला जागं कोण करतं? वय, पोषण आणि दिवसाची लांबी. गंमत म्हणजे पक्ष्यांना दिवस मोजायला डोळे लागतातच असं नाही. झाक बेन्वा यांनी 1930च्या दशकात बदकांवर दाखवलं की डोळे नसले तरी प्रकाश वाढवला की ती वयात येतात. कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या प्रकाशग्राही पेशींना कळतो. त्यामुळे एकाच वयाची तलंग लांबत्या दिवसांत लवकर अंड्यावर येते, आखडत्या दिवसांत रेंगाळते.

माझ्या पहिल्या तलंगेने दीडेक महिना अंडी घातली आणि ती खुडूक झाली, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसली. बँटममध्ये ही खोड मोठी. उबवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलं, अंडाशय आक्रसलं, आणि काही दिवसांत तुरा पुन्हा फिकट, सुकल्यासारखा. "आजारी पडली का?" शेजारच्या मुलाने विचारलं. मी खुराड्यात हात घातला तर तिने फुगून चोच मारली. आजारी नव्हती.

चौथीचा तुरा अजून गुलाबीच आहे. दिवस लहान होत चालले आहेत, त्यामुळे मीही घाई करत नाही.