हात वर होत नाही तेव्हा: डर्माटोमायोसायटिस आणि कर्करोग यांच्या नात्याची पार्श्वभूमी

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये सुहानी भटनागर ही तरुण अभिनेत्री गेली. वय अवघं १९. तोवर फक्त डॉक्टरांच्या तोंडी असलेलं डर्माटोमायोसायटिस हे नाव तिच्या जाण्याने घराघरांत पोहोचलं. त्याआधी २०२२ मध्ये समंथा रुथ प्रभू हिने आपल्याला मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, झाल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा या आजारांच्या कुळाची थोडी ओळख झाली होती. मात्र डर्माटोमायोसायटिसची माहिती शोधायला गेलं की दोन-चार ओळींतच 'कर्करोग' हा शब्द समोर येतो आणि आजारी मुलाच्या आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. या दोन आजारांत नातं आहे, आणि ते पक्कं आहे. पण ते सगळ्यांच्या बाबतीत सारखं नाही, आणि ते कुणाच्या बाबतीत आहे हे कळायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षं लागली.

आधी आजाराविषयी. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते, तिथे दाह होतो. धडाजवळचे मोठे स्नायू आधी दुबळे पडतात: खांदे, दंड, कंबर, मांड्या. दुखणं कमी असतं, ताकद मात्र जाते. मांडी घालून बसलेलं माणूस हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठू शकत नाही. वेणी घालताना हात वर राहत नाहीत, फडताळावरचा डबा काढता येत नाही, एसटीची पायरी चढताना पाय उचलत नाही. पुढे काहींना घास गिळणंही जड जातं. त्वचेवर याच्या खुणा वेगळ्या असतात. वरच्या पापण्यांवर जांभळट छटा आणि सूज येते. बोटांच्या सांध्यांवर लालसर, चपटे उंचवटे येतात. हाइनरिश गॉट्रॉन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ते ओळखले जातात. गळ्याखाली आणि पाठीवर, शाल पांघरावी तसा, लाल पट्टा उमटतो.

पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात, ही आपल्याकडची मोठी अडचण. सावळ्या रंगावर तो जांभळटपणा नुसता काळसर दिसतो. मग वांग आलाय, ऊन लागलंय, केसांचा डाय मानवला नाही, अशी कारणं काढत महिने जातात. चाळिशी-पन्नाशीच्या बाईने 'हात वर होत नाही' म्हटलं की ते तर वयावर आणि कामाच्या शिणावरच ढकललं जातं. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच वाटते, कारण इथे गेलेले महिने फार महागात पडू शकतात. का, ते पुढे येईलच.

स्नायूंच्या या दाहाची पहिली नीट नोंद १८६३ साली लाइपझिगच्या अर्न्स्ट वाग्नर यांनी केली. १८८७ मध्ये वाग्नर, हेप आणि हाइनरिश उनफेरिख्ट या तिघांनी असे रुग्ण वर्णन केले. पुढे १८९१ मध्ये उनफेरिख्ट यांनी त्वचा आणि स्नायू दोन्ही जोडणारं डर्माटोमायोसायटिस हे नाव रूढ केलं. तेव्हा ते डॉर्पात इथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूमध्ये, प्राध्यापक होते. कर्करोगाचा विषय तोवर कुणाच्या डोक्यात नव्हता. हा आजार एखाद्या जंतूमुळे किंवा विषामुळे होत असावा, असाच त्या काळाचा कल होता.

१९१६ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, जर्मन नियतकालिकांत दोन नोंदी छापून आल्या. गेऑर्ग श्टेर्त्स यांच्या रुग्णाला या दाहासोबत जठराचा कर्करोग होता. कान्केलाइट यांच्या रुग्णाला स्तनाचा. श्टेर्त्स हे मज्जाविकार आणि मनोविकारांचे डॉक्टर. आलोइस आल्त्सहायमर, ज्यांच्या नावाने स्मृतिभ्रंशाचा आजार ओळखला जातो, त्यांचे हे जावई. पुढे पत्नीच्या ज्यू वंशामुळे नाझी राजवटीत त्यांना कील विद्यापीठातलं अध्यापकपद सोडावं लागलं. या विषयावरच्या बहुतेक लेखांत त्यांचं नाव एका ओळीत येतं आणि जातं, म्हणून इथे एवढं सांगितलं.

दोन नोंदींवरून काही सिद्ध होत नाही. पण त्यानंतर अशा नोंदी थांबल्याही नाहीत. अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, आतडं, लसीका ग्रंथी... प्रत्येक दशकात कुणी ना कुणी डॉक्टर लिहीत राहिला की पापण्या जांभळ्या झालेल्या रुग्णाच्या पोटात किंवा छातीत गाठ निघाली. काहींनी आणखी एक लक्षणीय गोष्ट नोंदवली: गाठ काढल्यावर स्नायूंची ताकद परतली, आणि कर्करोग उलटला तेव्हा पुरळही उलटलं. हे सर्वांच्या बाबतीत घडत नाही, पण ज्याच्या बाबतीत ते डोळ्यांनी पाहिलं त्या डॉक्टरला योगायोग म्हणणं कठीण गेलं असणार.

तरीही शंका घेणारे चुकीचे नव्हते. दुर्मीळ जोडी दिसली की डॉक्टर लिहितो. नुसता डर्माटोमायोसायटिस दिसला तर लिहीत नाही. कर्करोग असलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयांत जमतात, तिथेच हे निबंध तयार होतात. शिवाय असा रुग्ण आला की त्याची आपसूकच जास्त तपासणी होते, आणि जो शोधतो त्याला सापडतं. म्हणूनच वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. कुठे शंभरात सहा-सात जणांना कर्करोग, कुठे निम्म्याहून अधिक. १९७५ मध्ये बोहन आणि पीटर या अमेरिकन डॉक्टरांनी या आजारांच्या निदानाचे निकष ठरवले. त्यात कर्करोगासोबत येणाऱ्या दाहाला त्यांनी स्वतंत्र गट दिला, पण गट दिल्याने वाद मिटला नाही. १९८६ साली मेयो क्लिनिकमधून आलेल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता: असा संबंध खरंच आहे का?

या प्रश्नाचं उत्तर नोंदवह्यांतून आलं. उत्तर युरोपातल्या देशांनी कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला फार आधी सुरुवात केली होती: डेन्मार्कने १९४० च्या दशकात, फिनलंडने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्वीडनने १९५८ मध्ये. रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या याद्याही तिथे होत्या आणि प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक होता. त्या क्रमांकाच्या आधारे एका यादीतलं माणूस दुसऱ्या यादीत शोधता येतं. १९९२ साली बार्दुर सिगुर्गेइर्सन आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधले ७८८ रुग्ण असे शोधले: डर्माटोमायोसायटिसचे ३९२, आणि त्वचेवर काही नसलेल्या पॉलीमायोसायटिसचे ३९६. पहिल्या गटात १५ टक्के रुग्णांना स्नायुदाहाच्या निदानाबरोबर किंवा नंतर कर्करोग झाला होता. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने डर्माटोमायोसायटिस असलेल्या पुरुषांचा धोका २.४ पट, स्त्रियांचा ३.४ पट. इथे कुणा डॉक्टरने निवडून लिहिलेले रुग्ण नव्हते, सगळ्या देशाची यादी होती.

२००१ मध्ये कॅथरीन हिल आणि सहकाऱ्यांनी स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या तिन्ही देशांच्या नोंदी एकत्र केल्या. डर्माटोमायोसायटिसचे ६१८ रुग्ण मिळाले, त्यांतल्या १९८ जणांना आयुष्यात कधी ना कधी कर्करोग झालेला होता. एकूण धोका तिप्पट; पॉलीमायोसायटिसमध्ये तो जेमतेम १.३ पट. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका मात्र दहा पटींहून अधिक भरला, फुप्फुसाचा जवळपास सहा पट. त्याहून बोलकी होती ती वेळ. धोक्याचा उंच कडा स्नायुदाहाच्या निदानाच्या आसपास, पहिल्या वर्षात उभा होता. पुढच्या वर्षांत तो उतरत गेला. दोन आजार एकमेकांच्या इतक्या जवळ उगवत असतील तर त्यांच्यात काहीतरी सामाईक घडतं आहे, असं मानावंच लागतं. ते महिने वाया जाऊ नयेत असं मी वर म्हटलं, ते यामुळे.

या वेळेच्या मोजमापाने काही जुने किस्सेही तोलून पाहता येतात. लॉरेन्स ऑलिव्हिए या थोर ब्रिटिश नटाला १९६७ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि १९७४ मध्ये डर्माटोमायोसायटिस. दोन्ही नावं शेजारी ठेवली की नातं जोडायचा मोह होतो. पण मध्ये सात वर्षं आहेत; तज्ज्ञ ज्या तीन वर्षांच्या आतल्या जोडीला महत्त्व देतात, त्यात ही बसत नाही.

कुठला कर्करोग सोबत येतो, हे प्रदेशावरही अवलंबून असतं. तैवान, हाँगकाँग, दक्षिण चीन, सिंगापूर इथल्या रुग्णांत नाकाच्या मागच्या, घशाच्या वरच्या भागातला कर्करोग ठळकपणे दिसतो, कारण त्या भागांत तो मुळातच जास्त आहे. आपल्याकडे नागालँडमध्येही तो आढळतो. युरोपातली यादी जशीच्या तशी उचलून इथल्या रुग्णाला लावता येत नाही.

आपली स्वतःची यादी का नाही, याचं उत्तरही नोंदवह्यांतच आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, भारतातली पहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून रुग्ण शोधणाऱ्या बार्शीच्या कार्यकर्त्यांनी जे केलं, त्याला तोड नाही. पण या वह्या कर्करोगाच्या आहेत. स्नायुदाहाच्या रुग्णांची तशी सगळ्यांना सामावणारी यादी आपल्याकडे नाही, त्यामुळे एका वहीतलं नाव दुसरीत शोधायची सोयच नाही. माझ्या मते ही उणीव प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्राच्या उणिवेपेक्षा मोठी आहे.

नातं सिद्ध झालं तरी 'का' हा प्रश्न उरलाच होता. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लिव्हिया कॅसिओला-रोझन आणि सहकाऱ्यांना आढळलं की स्नायुदाहात प्रतिकारशक्ती ज्या प्रथिनांवर रोख धरते, ती निरोगी, वाढ पूर्ण झालेल्या स्नायूत अत्यल्प असतात. मात्र इजा झाल्यावर नव्याने घडू लागलेल्या स्नायुपेशींत ती भरपूर असतात, आणि काही कर्करोगांच्या पेशींतही. यातून एक तर्क निघाला. शरीर आधी गाठीशी लढायला उठतं. त्या लढाईत त्याने ओळखलेला शत्रूचा चेहरा स्वतःच्याच स्नायूंत दिसतो, आणि हल्ला तिकडे वळतो. मग स्नायू जितके दुखावतात आणि भरून येऊ पाहतात, तितका तो चेहरा तिथे अधिक दिसू लागतो.

२००६ मध्ये अमेरिकेत टार्गॉफ यांच्या गटाने आणि पाठोपाठ जपानमधल्या संशोधकांनी डर्माटोमायोसायटिसच्या रुग्णांच्या रक्तात एक नवं प्रतिपिंड (अँटिबॉडी) शोधलं. त्याचं लक्ष्य असलेलं प्रथिन पुढे टिफ-१ गॅमा म्हणून ओळखलं गेलं. हे प्रथिन पेशींच्या बेलगाम वाढीला लगाम घालणाऱ्यांपैकी एक आहे, हे कळल्यावर अनेक धागे जुळले. २०१२ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा होता: कर्करोगासोबतचा डर्माटोमायोसायटिस असलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोकांत हे प्रतिपिंड सापडतं, आणि ते नसेल तर कर्करोग नसण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात. एनएक्सपी-२ या दुसऱ्या प्रतिपिंडाचाही प्रौढांमधल्या कर्करोगाशी संबंध दिसला.

आणि इथेच मुलांचं कोडं येतं. टिफ-१ गॅमाचं प्रतिपिंड डर्माटोमायोसायटिस झालेल्या कितीतरी मुलांतही सापडतं, पण त्यांच्यात कर्करोग सापडत नाही. असं का, याचं पक्कं उत्तर अजून हाती नाही. प्रतिकारशक्तीने गाठ डोकं वर काढण्याआधीच संपवली असेल, हा एक विचार मांडला जातो. त्याला थोडा आधार २०२२ मध्ये मिळाला. टिफ-१ गॅमाचं प्रतिपिंड असलेल्या ज्या प्रौढांत सीसीएआर-१ या प्रथिनाविरुद्धचंही प्रतिपिंड होतं, त्यांच्यात कर्करोगाचं प्रमाण कमी आढळलं. म्हणजे प्रतिकारशक्तीचा हल्ला जितक्या अधिक लक्ष्यांवर, तितकी गाठीला जागा कमी, असं असू शकेल. तसं निघालं तर या आजाराकडे बघण्याची दृष्टीच बदलेल: स्नायूंचा दाह ही एका जिंकलेल्या किंवा अर्ध्यात राहिलेल्या लढाईची झळ ठरेल.

रुग्णाच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत उतरला. चाळिशीनंतर सुरू झालेला आजार, डर्माटोमायोसायटिस हाच प्रकार, टिफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ यांचं प्रतिपिंड, औषधांना न जुमानणारा दाह, गिळताना होणारा बराच त्रास, कातडी मरून पडणं: यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी असल्या की धोका जास्त धरावा. अशांना मानेपासून ओटीपोटापर्यंत सीटी स्कॅन, स्त्रियांना मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी) आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, पुरुषांना पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी), शौचातल्या सूक्ष्म रक्ताची चाचणी, गरज पडल्यास पेट-सीटी किंवा दुर्बिणीची तपासणी, आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी मूलभूत तपासण्या. ज्यांच्यात जो-१ सारखी प्रतिपिंडं असतात, फुप्फुसाचा दाह आणि सांध्यांची सूज असते, त्यांचा धोका कमी; त्यांना एवढ्या तपासण्यांतून नेण्याची गरज नाही. म्हणून संधिवाततज्ज्ञाकडे पहिल्या भेटीतच मायोसायटिसच्या प्रतिपिंडांची चाचणी करायची का, हे विचारून घ्यावं. पुढचा खर्च आणि पुढची धास्ती दोन्ही त्यावर ठरतात.

त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक शिफारस आहे: लहान वयात सुरू झालेल्या मायोसायटिसमध्ये कर्करोगाच्या शोधासाठी नेहमीच्या चाचण्या करू नयेत. मुलांच्या बाबतीत चिंता करायची ती स्नायूंची, फुप्फुसांची, आणि स्टेरॉइडवर असताना होणाऱ्या जंतुसंसर्गाची.