लम्पीची भरपाई: अर्ज कुठं अडकतो

लम्पीनं, म्हणजे अंगावर गाठी येणाऱ्या रोगानं, गाय-बैल दगावला तर सरकार मदत देतं हे गावात सगळ्यांना माहितीये. 2022 ला साथ आली तेव्हा राज्यानं दुधाळ गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार असे दर धरले होते. अर्जात विशेष काही नाही, आधार, बँक पासबुक, जनावराचा फोटो, एवढंच. खरी गोम कानातल्या बिल्ल्यात आहे.

तो पिवळा टॅग, 12 अंकी नंबरचा. हा नंबर भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदीत तुमच्या नावावर पाहिजे. आता बाजारातून गाय आणली, टॅग आधीच्या मालकाच्या नावावर, कोण जातं बदलायला, आणि मग गाय मेल्यावर कळतं की कागदावर ती आपली नव्हतीच! 1 जून 2024 पासून तर टॅगशिवाय खरेदी-विक्रीही चालत नाही आणि सरकारी दवाखान्यातली सेवाही मिळत नाही, तरी लोक "बघू नंतर" म्हणतात. विकणाऱ्याला सोबत घेऊन त्याच आठवड्यात दवाखान्यात जा आणि नाव बदलून घ्या.

एका भाऊंच्या मेलेल्या गाईचा टॅग आधीच कानातून निसटला होता, त्यांनी तो गोठ्यात खुंटीला जपून लावला होता. अर्जाच्या फोटोत गाईचं तोंड दिसतंय, कान फाटलेला, टॅग भिंतीवर. अर्ज तपासणारे साहेब म्हणाले, हाच टॅग या गाईचा कशावरून? बरोबरच आहे, पण भाऊंना हे आधी कोणी सांगितलं होतं का? टॅग पडला की लगेच नवीन मारून घ्या आणि जुन्या नंबरच्या जागी नवीन नंबर चढवून घ्या.

दुसरी चूक म्हणजे घाईनं पुरणं. वास येतो, शेजारी ओरडतात, समजतं सगळं, पण डॉक्टर येऊन बघेपर्यंत आणि पंचनामा होईपर्यंत थांबा. फोन लगेच करा, कोणाला किती वाजता केला ते वहीत लिहा. फोटो काढताना अंगावरच्या गाठी आणि टॅगचा नंबर दोन्ही स्पष्ट दिसू दे. नंतर खोल खड्डा, वर चुना.

पासबुक बघून घ्या, खातं आधारला जोडलेलं आणि चालू असावं. नावात एक काना जास्त असला तरी कागद परत येतो, असला वैताग आहे.

लस मोफत असते. लसीकरणाला आले की टॅगचा नंबर वाचून नोंद करतायत का तेवढं उभं राहून बघा.