रॅम वाढवल्यावर संगणक सुरू न होणे

संगणकात रॅमची नवी पट्टी बसवल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. या बिघाडाला दुरुस्तीच्या धंद्यात ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. नाव फसवे आहे, कारण डिस्प्लेला बहुधा काही झालेले नसते. बटण दाबताच बायोस (संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम) आधी रॅम ओळखून ती तपासते. तिथेच अडले, तर पडद्यावर चित्र आणण्यापर्यंत गाडी पोचतच नाही. पुण्यात सुटे भाग घ्यायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठायची सवय जुनी आहे आणि घरी येऊन पट्टी आपल्याच हाताने बसवण्याचीही.

सगळ्यात साधे कारण म्हणजे पट्टी पुरती न बसणे. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबले की एका बाजूची लॅच (पट्टी धरून ठेवणारी खिटी) ‘टक्’ करते आणि नवखा माणूस तिथेच थांबतो. दुसरी टक् यायची बाकी असते. जोर बराच लागतो, दाबताना मदरबोर्ड (ज्यावर सारे भाग बसतात तो मुख्य बोर्ड) किंचित लवतो आणि धास्तीने हात मागे येतो. काही बोर्डांवर एकाच टोकाला लॅच असते. तिथे दुसरे टोक अर्धा मिलिमीटर वर राहिले तरी डोळ्यांना कळत नाही. लॅपटॉपमध्ये पट्टी तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची असते. सरळ ढकलू पाहणाऱ्याची ती अर्धवटच बसते.

सोनेरी कड खोडरबरने पुसण्याचा उपाय गल्लोगल्ली चालतो, पावसाळ्यात तर जास्तच. गुण येतो, पण त्यातले निम्मे श्रेय पट्टी काढून पुन्हा घालण्याचे असते. त्या काढण्या-घालण्यात होणाऱ्या घासण्यानेच पिनांची टोके साफ होतात. रबराचा चुरा मात्र स्लॉटमध्ये पडू देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले कापड त्याहून बरे.

दुसरे कारण न जुळणारी पट्टी. रॅमची पिढी (डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५) चुकली तर पट्टी बसतच नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ला २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघांना २८८, पण खाच वेगळ्या जागी. हे एका अर्थी बरेच. खरा घोटाळा बसते पण चालत नाही अशा पट्टीचा. सर्व्हरमधून काढलेली डीडीआर४ रजिस्टर्ड रॅम सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळते, स्लॉटमध्ये नीट बसते आणि साध्या बोर्डावर मशीन उठतच नाही. लेबल वाचले तर हे आधीच कळते: ‘पीसी४-२४००टी-’ यापुढचे अक्षर यू असेल तर डेस्कटॉपची, एस असेल तर लॅपटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. फक्त १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची डीडीआर३ पट्टीही अशीच गप्प बसते. काही जुन्या इंटेल बोर्डांना ४ जीबीची पट्टी १६ चिपांची लागते. ८ चिपांची चालत नाही. म्हणून खरेदीला जाताना जुनी पट्टी खिशात असावी, म्हणजे दुकानदाराला तोंडी वर्णन करावे लागत नाही.

डीडीआर५च्या बाबतीत बिघाड नसतानाही घाबरायला होते. नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिच्याशी वेळेचे गणित जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. धीर सुटून मध्येच बंद केले की सारे पहिल्यापासून. तेवढ्यात चहा करून यावे.

शोध घ्यायचा तो एका वेळी एकच गोष्ट बदलून. प्लग काढावा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवावे, नवी पट्टी काढून फक्त जुनी लावावी. मशीन उठले तर तीच जुनी काढून त्याच स्लॉटमध्ये नवी एकटी घालावी. चार स्लॉटांच्या बोर्डावर एकटी पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये घालायची असते. एकेकट्या दोन्ही चालतात, पण जोडीने अडतात असे दिसले, तर बहुधा दोघींचा वेग किंवा घडण जुळत नाही. अशा वेळी बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढून काही मिनिटांनी परत घातला की बायोसची जुनी सेटिंग पुसली जातात. त्यात एक्सएमपीचा, म्हणजे बायोसमध्ये निवडलेला रॅमचा वाढीव वेगही आलाच. बिघाड ओळखायला स्पीकरच्या बीप मोजण्याचा काळ सरत चालला आहे. अनेक नव्या कॅबिनेटांत स्पीकरच नसतो. बोर्डावर डीरॅम (म्हणजे रॅम) लिहिलेला दिवा असेल तर तो पाहावा.

जुन्या पट्टीवरही मशीन उठत नसेल, तर रॅमचा नाद सोडावा. हात आत घालताना ग्राफिक्स कार्ड हलले असेल, वीजपुरवठ्याची २४ पिनांची जोडणी सैल झाली असेल, नाहीतर मॉनिटरची केबल परत लावताना भलत्याच पोर्टमध्ये गेली असेल.

पुण्याच्या कोरड्या थंडीत स्वेटर अंगात असताना स्थिर विजेचा झटकाही चिपला बाधतो, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. सुरू होऊनही मशीन मध्येच अडकत असेल, तर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ या प्रोग्रामची किमान एक पूर्ण फेरी, शक्यतो रात्रभर, चालू ठेवावी. एक जरी चूक दिसली तरी पट्टी वॉरंटीत परत करायला तेवढे कारण पुरेसे आहे.