गुळवेलीची लॅब तपासणी : आधी ओळख, मग रसायन

व्यापाऱ्याने ‘रिपोर्ट आणा’ म्हटलं की बहुतेक जण सुकलेल्या काड्यांची पिशवी घेऊन थेट लॅब गाठतात. तिथेच चुकतं. लॅब पिशवीत जे असेल तेच तपासते. ती गुळवेलच आहे का, हे आधी ठरायला हवं.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. तेव्हा आयुष मंत्रालयाने तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाकडे बोट दाखवलं. वाद तेवढ्याने मिटला नाही, पण ओळख पटवण्याचं महत्त्व सगळ्यांना कळलं. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि चीक दुधाळ असतो. आपल्या गुळवेलीला दोन्ही नसतं.

ओळखीसाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे. अर्जासोबत दाबून सुकवलेला नमुना लागतो : खोड, पानं आणि शक्यतो फुलं किंवा फळं. गुळवेल फुलते तेव्हा पानं बहुधा झडलेली असतात, म्हणून एकाच वेलीकडे दोनदा जावं लागतं. कंटाळा येतो, पण करा. कुठून, कधी आणि कोणी गोळा केली, हे त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवा.

चाचणीसाठी अर्ज शेतकरी, वैद्य, बचतगट, विद्यार्थी, कारखानदार कोणीही करू शकतो. लॅब मात्र औषध नियमावलीखाली आयुर्वेदिक औषधांसाठी मान्यताप्राप्त आहे का, ते आधी विचारा. चाचणी अर्जात स्थानिक व शास्त्रीय नाव, वापरायचा भाग, गोळा केल्याची तारीख आणि बॅच (एका वेळी तयार झालेल्या मालाचा गट) क्रमांक भरायचा. सोबत ओळखपत्र आणि वनस्पती-ओळखीचा दाखला जोडा. कारखानदार असाल तर परवान्याची प्रतही. माल जंगलातला असेल तर ग्रामसभेचा किंवा वनखात्याचा कागद जवळ असू द्या. नमुना किती लागेल, हे लॅबलाच विचारा. तो वर्तमानपत्रात गुंडाळू नका. शाई लागली तर काय मोजलं गेलं ते कळणार नाही. त्याच ढिगातला एक भाग सीलबंद करून स्वतःकडे ठेवा.

‘सगळं तपासा’ असं लिहू नका. चाचण्यांची नावं लिहा आणि निकाल भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या, निकषांवर मागा. गुळवेल जाळल्यावर उरणारी एकूण राख १६ टक्क्यांच्या आत हवी, आम्लात न विरघळणारी ३ टक्क्यांच्या आत. ही दुसरी राख वाढली तर मालात माती-वाळू मिसळली असावी असं समजा. जड धातूंमध्ये शिसं १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ ही कमाल मर्यादा. पावसाळ्यातला माल असेल तर अफ्लाटॉक्सिनची चाचणी टाळू नका, बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही.

हा रिपोर्ट शुद्धतेचा असतो. ‘मधुमेह बरा करते’ असं त्यावरून पाकिटावर छापता येत नाही. औषधी गुण तपासायचे तर प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. माणसांवरच्या चाचणीला मानवी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करावी लागते. या मंजुऱ्यांसाठीचे अर्ज बहुधा महाविद्यालय किंवा संशोधन संस्था करते. तुम्ही त्यांना ओळख पटलेला माल आणि त्याचा दाखला देऊ शकता.